आत्याचे नवे घर : पुण्यातील एका असिस्टेड लिव्हिंग निवासाचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी आत्या वयाच्या ८३ व्या वर्षी पुण्याच्या पश्चिम भागातील एका असिस्टेड लिव्हिंग निवासात, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते अशा ठिकाणी, राहायला गेली, त्याला आता आठ महिने झाले. ‘आत्याला तिथे ठेवले’ असे आमच्या घरात कोणी म्हणत नाही. ती तिथे राहते, आणि तिचे राहणे कसे चालले आहे ते मी आठवड्यातून दोनदा, वेळ न कळवता जाऊन पाहते. निवासाचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा ठिकाणचा दर्जा व्यवस्थापिका आणि रात्रपाळीच्या मावशी यांच्यावर ठरतो, ती माणसे बदलली की जागाही बदलते, आणि माझे आजचे मत वाचून वर्षभराने कोणी आपल्या आईला तिथे घेऊन जावे हे मला योग्य वाटत नाही. आम्ही काय पाहिले, कोणते प्रश्न विचारले आणि कोणते विचारायचे राहून गेले, हे मात्र शोधात असलेल्या कोणत्याही घराला उपयोगी पडेल असे वाटते.

आत्या अविवाहित आहे. छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली आणि नारायण पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यात वीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आणि अलीकडे वाढलेला विसरभोळेपणा. दवाखान्यातून आल्यावर तीन महिने आम्ही घरी सेवेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांसाठी बायका लावल्या. त्या तीन महिन्यांत अकरा जणी बदलल्या. प्रत्येक नव्या बाईला औषधे, पथ्य, वॉकर कुठे ठेवायचा, आत्याला कोणत्या कुशीवरून उठवायचे हे सारे पहिल्यापासून सांगावे लागे, आणि एका संध्याकाळी पाळी बदलताना वहीत नोंद न झाल्यामुळे तिला इन्सुलिन दोनदा दिले गेले. रात्री दीड वाजता ती घामाने थबथबली होती, रक्तातली साखर धोकादायक इतकी, ५२ पर्यंत, उतरली होती. त्या रात्रीनंतर घरीच सारे करायचे हा माझा हट्ट मी सोडला. आत्याने मात्र एक अट घातली : ‘तुम्ही पाहून या, पण शेवटी मी स्वतः पाहीन आणि मीच सांगेन.’ ती अट आम्ही अक्षरशः पाळली.

शोध सुरू केल्यावर पहिली अडचण आली ती नावांची. वृद्धाश्रम, सीनियर लिव्हिंग, केअर सेंटर, असिस्टेड लिव्हिंग हे शब्द जाहिरातींत सरमिसळ करून वापरलेले असतात. नवी पेठेतील ‘निवारा’सारख्या जुन्या धर्मादाय संस्था हा एक प्रकार झाला. अथश्रीसारख्या प्रकल्पांमुळे पुण्यात चांगला रुळलेला दुसरा प्रकार म्हणजे ज्येष्ठांनी स्वतःच्या सदनिकेत, पण समवयस्कांच्या सोबतीने राहायचे. तो हिंडत्याफिरत्या माणसांसाठी उत्तम आहे. आम्हाला हवा होता तिसरा प्रकार, जिथे रोजच्या हालचालींत कोणीतरी हात देईल, पण ज्याला इस्पितळाची कळा नसेल. आत्याच्या डॉक्टरांनी येथे फार मोलाची मदत केली. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेली सहा कामांची मोजणी त्यांनी आम्हाला समजावून सांगितली : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून खुर्चीत उठून बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. आत्याला सहापैकी दोन कामांत मदत लागत होती. मग आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारू लागलो : आज दोन कामांत मदत लागते, उद्या चार-पाच कामांत लागली तर तुम्ही हिला ठेवून घ्याल की घेऊन जायला सांगाल? पाहिलेल्या सात ठिकाणांपैकी तिघांनी ‘बेडरिडन पेशंट आम्ही ठेवत नाही’ असे स्पष्ट सांगितले, आणि त्या स्पष्टपणाबद्दल मी त्यांची आभारी आहे. दोघांनी ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ असे सांगून वेळ मारून नेली. राहिलेल्या दोघांनीच कोणत्या टप्प्यावर किती शुल्क वाढेल ते कागदावर लिहून दिले.

पहिल्या चार भेटी मी चुकीच्या वेळी दिल्या. सकाळी अकराला गेले की जागा लख्ख दिसते, आजी-आजोबा न्हाऊन, पावडर लावून दिवाणखान्यात बसलेले असतात, फिजिओथेरपिस्ट हजर असतो आणि व्यवस्थापकांना बोलायला सवड असते. पाचव्या ठिकाणापासून मी संध्याकाळी साडेसातनंतर जाऊ लागले. दिवसपाळीची माणसे घरी गेलेली, जेवणे आटोपलेली आणि सकाळपर्यंतचे दहा-बारा तास पुढे उभे असतात, तेव्हा किती माणसांमागे किती मावशी उरतात ते डोळ्यांनी मोजता येते. एका ठिकाणी, ज्याची बाग आणि भजनाची खोली पाहून आम्ही जवळजवळ होकार देणार होतो, तिथे दुसऱ्यांदा संध्याकाळी गेले तेव्हा बत्तीस जणांसाठी दोन मावशी होत्या. व्हरांड्यातल्या एका आजींना कमरेभोवती जुनी सुती साडी गुंडाळून खुर्चीच्या पाठीला बांधले होते. त्या साडीची गाठ हाताने पुढे ओढू पाहत होत्या आणि ती मागच्या बाजूला होती. ‘पडू नयेत म्हणून करावे लागते हो,’ असे तिथल्या बाईंनी सांगितले. त्या बाईंचा दोष मी मानत नाही. दोन जणींनी बत्तीस जणांना सांभाळायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार? पण तिथून निघताना माझे पाय कापत होते, आणि त्या घराला आम्ही त्याच रात्री नकार कळवला.

सध्याच्या निवासात मी पहिल्यांदा गेले तीही संध्याकाळी, पावणेआठ वाजता. तिथे माझ्या मनात भरली ती एक अगदी लहान गोष्ट. जेवणानंतर एक मावशी टेबलापाशी बसून पाच-सहा जणांचे चष्मे एकेक करून पाण्याने धूत होत्या, मऊ फडक्याने पुसत होत्या आणि ज्याचे त्याला नाव घेऊन परत देत होत्या. प्रत्येक चष्म्याच्या दांडीवर बारीक चिकटपट्टीवर नाव लिहिलेले होते. आधीच्या ठिकाणी मी कितीतरी जणांना बोटांच्या ठशांनी धुरकटलेल्या काचांतून दूरदर्शन पाहताना पाहिले होते, पण तेव्हा ते मला खटकलेही नव्हते. तेव्हापासून मी कोणालाही हेच सांगते की भिंतींचा रंग नंतर पाहा, आधी तिथे राहणाऱ्यांच्या पायांची नखे, चष्म्याच्या काचा आणि कवळीची डबी पाहा. अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर त्यांच्या टाचा आणि माकडहाड यांची काळजी कशी घेतात ते विचारा, कारण पडून राहून जखमा होतात त्या तिथेच. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद असेल तर ती वही मागून घ्या, आणि पहाटे दोन, चार, सहा या वेळांची अक्षरे एकाच शाईत, एकाच दमात लिहिल्यासारखी दिसतात का तेही पाहा.

खोली दोघींत मिळून आहे. ती प्रशस्त नाही, पण विचारपूर्वक केलेली आहे. न्हाणीघराला उंबरठा नाही, कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडते. ही शेवटची गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. आत पडलेले माणूस दारालाच टेकून पडले असेल, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. आत्या पडली तेव्हा नेमके हेच झाले होते आणि शेजाऱ्यांना बिजागऱ्या काढाव्या लागल्या होत्या. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते. पलंगाजवळ आणि न्हाणीघरात, दोन्हीकडे घंटेची दोरी आहे. पहिल्या भेटीत मी परवानगी घेऊन न्हाणीघरातली दोरी ओढली आणि घड्याळ पाहिले, तर दीड मिनिटात मावशी दारात होत्या. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, २०२४ साली ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दारांची रुंदी, उतार, लिफ्ट अशा गोष्टींचा विचार आहे, आणि विकत घर घेणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पण घंटा वाजल्यावर रात्री कोण उठून येते, हे कोणत्याही बांधकामाच्या नियमातून कळत नाही. त्यासाठी दोरी ओढूनच पाहावी लागते.

जेवणाच्या बाबतीत बहुतेक जण चवीची चौकशी करतात. मी वेळेची करावी असे सांगेन. अनेक ठिकाणी स्वयंपाकघर लवकर आवरता यावे म्हणून रात्रीचे जेवण साडेसहाला देतात आणि सकाळची न्याहारी साडेआठला, म्हणजे मध्ये चौदा तास पोटात काही नसते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अशा वेळी पहाटे धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि झोपेत कुणाच्या लक्षातही येत नाही. सध्याच्या ठिकाणी जेवण साडेसातला असते आणि आत्याला रात्री दहाला कपभर दूध व दोन खाकरे देण्याची सूचना तिच्या पलंगामागच्या कार्डावर लिहिली आहे. चव साधी आहे. भाजीला तिखट कमी, आमटी थोडी पातळ. पण ज्यांना चावता येत नाही त्यांना सारे एकत्र मिक्सरमधून काढून न देता भात, आमटी, भाजी वेगवेगळी मऊ करून वाढतात, आणि भाकरी दुधात कुस्करून हवी असेल तर तशी देतात. आत्याची तक्रार एकच, की गुरुवारच्या थालीपिठाला खमंगपणा नाही. ती तक्रार तिने स्वयंपाकिणीकडे स्वतः नोंदवली आहे.

आत्याने हे घर का निवडले, याचे कारण मात्र आमच्यापैकी कोणीच सांगू शकले नसते. शेवटच्या तिन्ही जागा आम्ही तिला चाकाच्या खुर्चीतून दाखवल्या. पहिल्या दोन्हीकडे तिला सगळ्यांनी ‘आजी’ म्हटले, प्रेमानेच म्हटले. येथे व्यवस्थापिकेने समोर खुर्ची ओढून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून विचारले, ‘तुम्हाला आम्ही काय हाक मारू?’ आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मला सगळे बाई म्हणतात.’ आजही स्वच्छता करणाऱ्या मुलापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ‘बाई’ म्हणतात. घरी येताच तिने सांगितले, ‘मी तिथे राहीन. आधी एक महिना राहून पाहीन, नाही जमले तर तू मला परत आण.’ असा महिनाभराचा करार, मोठी अनामत न भरता, मिळू शकतो. आम्ही मागितला म्हणून मिळाला.

करारपत्र मी तीनदा वाचले आणि एका वकील मैत्रिणीला दाखवले. त्यात तीन गोष्टी बदलून घेतल्या. दवाखान्यात भरती असतानाचे दिवस पूर्ण शुल्काने मोजले जाणार होते, ते पाच दिवसांनंतर निम्म्यावर आणले. निधनानंतर अनामत रक्कम ‘योग्य कालावधीत’ परत करण्याऐवजी तीस दिवसांची मुदत लिहून घेतली. आणि झोपेची किंवा शांत ठेवणारी कोणतीही गोळी आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय व मला कळवल्याशिवाय द्यायची नाही, हे कलम नव्याने घातले. अर्जात ‘जबाबदार नातेवाईक’ म्हणून माझी सही आहे. तेथे मला प्रथमच कळले की आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा केवळ मुलांपुरता नाही. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या सज्ञान वारसाच्या ताब्यात आहे किंवा पुढे मिळणार आहे, त्याच्यावरही सांभाळाची जबाबदारी तो कायदा टाकतो. घरातल्या काहींनी सुचवले की आत्याने नारायण पेठेतील जागा आताच माझ्या नावे करावी आणि मी शुल्क भरावे. मी ते स्पष्ट नाकारले. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे हे खरे, पण ८३ व्या वर्षी कुणाला न्यायाधिकरणाची पायरी चढायची वेळच येऊ नये. जागा तिच्याच नावावर आहे आणि तिचे पुस्तकांचे कपाट कुलूप लावून तिथेच आहे.

आत्याने तिचे वैद्यकीय इच्छापत्रही, म्हणजे पुढे स्वतः सांगता आले नाही तर कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत याचा लेख, या निमित्ताने केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केले आणि २०२३ साली त्याची पद्धत पुष्कळ सोपी केली, त्यामुळे दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर ते अर्ध्या तासात झाले. त्याची प्रत निवासाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून घेतली आहे. हा विषय काढताना मला फार जड गेले. तिला मात्र गेले नाही.

आता खर्च. ठरलेले मासिक शुल्क ३६,००० रुपये होते आणि पहिल्या महिन्याचे बिल आले ४२,७०० रुपयांचे. रात्रीसाठीचे डायपर, हातमोजे, साखर तपासण्याच्या पट्ट्या, फिजिओथेरपीचे जादा दिवस आणि एकदा दवाखान्यात सोबत आलेल्या अटेंडंटचे पैसे हे सारे वेगळे होते. लपवलेले काहीच नव्हते, अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सगळे छापलेले होते. पण तोंडी बोलताना कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आता पट्ट्या आणि डायपर आम्ही घाऊक दुकानातून आणून देतो, त्याने महिन्याला दोन हजारांच्या आसपास वाचतात. आरोग्य विम्याचा किंवा सत्तरीपुढील सर्वांना मिळणाऱ्या आयुष्मान कार्डाचा उपयोग इस्पितळात भरती झाल्यावर होतो, निवासाच्या मासिक शुल्कासाठी होत नाही, हे गृहीत धरूनच हिशेब करावा. आत्याच्या पेन्शनीतून शुल्काचा मोठा भाग भागतो, वरचे आम्ही दोघे भाऊ-बहीण भरतो. ज्यांना पेन्शन नाही त्यांच्यासाठी ही सोय आवाक्याबाहेरची आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

या निवासाचे दोष सांगणेही माझे कर्तव्य आहे. दुसऱ्या महिन्यात आत्या पहाटे पलंगावरून उतरताना घसरून खाली बसली. लागले नाही, रक्तदाब आणि साखर लगेच तपासली, नोंद वहीत नीट होती. पण मला फोन आला सकाळी दहा वाजता. ‘तुमची झोप मोडायला नको म्हणून’ हे त्यांचे कारण चांगल्या मनाचे असले तरी मला अजिबात पटलेले नाही. पडणे ही अशी गोष्ट आहे की त्याच मिनिटाला कळवली पाहिजे. त्यानंतर तसे लेखी ठरले आणि पुढे एकदा नुसता ताप आला तेव्हा रात्री साडेबाराला फोन आला. रविवारी मात्र माणसे अजूनही कमी असतात, घंटेला चार-पाच मिनिटे लागतात. धुण्यातून आत्याची एक शाल गेली ती परत मिळाली नाही. दुपारचा वेळ रिकामा आहे. दूरदर्शन मोठ्या आवाजात चालू असते आणि ज्यांना ते नको असते त्यांना खोलीत जाऊन पडण्यावाचून दुसरे काही उरत नाही.

तरीही मी समाधानी आहे, याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे रात्रपाळीच्या तिन्ही मावशी आठ महिन्यांत बदललेल्या नाहीत. त्यांचे पगार वेळेवर होतात, राहायला वेगळी खोली आहे आणि आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले. ब्युरोच्या अकरा जणींनंतर या तीन जणींचे मोल मला चांगले कळते. त्यांच्यातली सर्वांत तरुण मावशी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसणार आहे. रात्री दहाचे दूध घेऊन ती येते तेव्हा आत्या तिच्याकडून वर्गसमीकरणे सोडवून घेते. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा आत्याला वार विचारला, तो तिला सांगता आला नाही. पण पोरीच्या वहीतली चुकलेली वजाबाकीची खूण तिने बोट ठेवून दाखवली.

करार जूनमध्ये संपतो. शुल्कात दरवर्षी आठ टक्के वाढ त्यात लिहिलेली आहे आणि ती मी देणार आहे. मात्र सही करण्यापूर्वी रविवारच्या रात्री किती मावशी हजर असतील तो आकडा मी करारपत्रात घालून मागितला आहे. व्यवस्थापिकेने आठ दिवसांत कळवते असे सांगितले आहे. आकडा काहीही आला तरी त्यानंतरच्या पहिल्या रविवारी रात्री नऊ वाजता मी तिथे असेन.